तारखेच्या रकान्यात रमजान लिहा

जुलै २०१७ मध्ये एक बातमी बहुतेक वर्तमानपत्रांत झळकली होती: चालण्याच्या बाबतीत भारतीय आळशी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १११ देशांतल्या ७,१७,५२७ लोकांच्या मोबाइलमधली पावलं तपासली आणि भारताची रोजची सरासरी निघाली ४,२९७. अभ्यास 'नेचर'मध्ये छापून आला. काम कच्चं नव्हतं, पण ती पावलं आयफोनवरच्या एका अ‍ॅपमधून आली होती. नांदगाव खंडेश्वरच्या बसस्टँडवर उभे राहा आणि किती हातांत आयफोन दिसतो ते मोजा. सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जाणारी बाई दिवसभर वाकून तासामागून तास संपवते. तिचा फोन, असलाच तर, धुऱ्यावर डब्याच्या पिशवीत असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात स्वतः वापरता येईल असा मोबाइल निम्म्याहून कमी बायकांकडे होता. त्या ४,२९७ मध्ये या बाईचं एकही पाऊल नाही.

आता जगभर असे अनेक अभ्यास झालेत. कुणी मोबाइलमधून पावलं घेतली, कुणी मनगटावरच्या घड्याळातून झोप, कुणी नाडीचे ठोके. हे सगळे तक्ते एकत्र जोडायचं काम सुरू आहे, आणि ते व्हायलाच हवं. शंभर माणसांत जे दिसत नाही ते लाखभर माणसांत दिसतं. पावलं आणि झोप कोणत्या साच्यात लिहायची याचं आंतरराष्ट्रीय मानकही २०२१ मध्ये आलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, वेगवेगळ्या ठिकाणचे तक्ते जुळवणं हा माझा रोजचा धंदा. साचा जुळला म्हणजे अर्थ जुळला असं होत नाही, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

एक साधी गोष्ट घ्या. बहुतेक सर्व्हर वेळ ग्रीनिचच्या हिशेबाने साठवतात. तो हिशेब भारतीय वेळेत न बदलता दिवस पाडला, तर आपला दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. मे महिन्यात फजरच्या जमातीला पाच वाजता चालत गेलेल्या माणसाची पावलं आदल्या तारखेत जमा होतात. ही चूक निदान पकडता तरी येते.

दुसरी गोष्ट पकडणं अवघड. २०२३ मध्ये आपल्याकडे पहिला रोजा २४ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. म्हणजे एका मार्चमध्ये आठ रोजे, दुसऱ्यात एकोणतीस. दोन अभ्यासांचे मार्च एकाखाली एक ठेवून सरासरी काढली, तर दुपारी मंदावलेली, तरावीहनंतर उशिरा झोपलेली, सहरीला उठून पुन्हा आडवी झालेली माणसं यंत्राला कशी दिसतील? झोप बिघडलेली, हालचाल घटलेली. जोडणाऱ्याने कॅलेंडर पाहिलेलं नसेल, तर तो याला आजाराची खूण समजेल किंवा 'बिघडलेला डेटा' म्हणून गाळून टाकेल. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते. गाळलेल्या ओळींची बातमी होत नाही.

यात डोक्याला ताप देणारी बाब मधुमेहाची आहे. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासात देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आला. आणि तेरा देशांतल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत टाइप-दोन मधुमेह असलेल्या मुस्लिमांपैकी सुमारे ७९ टक्क्यांनी महिन्यात किमान पंधरा रोजे ठेवले होते. आपल्या घरातल्या अम्मी, खालू, चाचा यात आले. उद्या साखर कधी घसरेल याचा इशारा देणारं अ‍ॅप याच जोडलेल्या तक्त्यांवर शिकणार असेल, तर त्याला रोज्याचा दिवस ओळखता आला पाहिजे.

मग सरळ धर्म विचारून टाकावा? इथे मी थांबतो. नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झालं की नमाजच्या वेळा दाखवणाऱ्या 'मुस्लिम प्रो' या अ‍ॅपमधली लोकेशनची माहिती एका दलाल कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे ठेकेदार होते. अ‍ॅपने नंतर ते नातं तोडलं. शिवाय नाव काढून टाकलं तरी जोडलेल्या तक्त्यात माणूस उरतोच. दर शुक्रवारी दुपारी तीच वाट, दरवर्षी एक महिना झोपेची बदललेली वेळ, एवढ्यावरून धर्म ओळखायला फार हुशार प्रोग्राम लागत नाही. मोहल्ला छोटा असेल तर माणूसही सापडतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संशोधनाला, काही अटींवर, सूट देतो. त्यामुळे कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

माझं म्हणणं असं: माणसाच्या ओळीत धर्म लिहू नका, तारखेच्या रकान्यात रमजान लिहा. तारीख सगळ्यांची असते, ती कुणाला उघडं पाडत नाही. त्याच रकान्यात नवरात्र, श्रावण, पर्युषण आणि आमच्या वऱ्हाडातली कापूस वेचणीही येऊ द्या. मग शेजारच्या काकूंचे नऊ दिवसांचे उपास आणि आपले रोजे, दोन्ही 'बिघाड' ठरणार नाहीत. आणि फोन खिशात होता, मनगटावर घड्याळ होतं की पिशवी धुऱ्यावर, हेही प्रत्येक अभ्यासाने नोंदवावं. नोंदवलं नसेल तर ती पावलं इतरांत मिसळू नयेत.

काही जण म्हणतात, आपण डेटा द्यायचाच नाही. राग समजतो, पण न देणाऱ्यांची औषधं आणि इशारे दुसऱ्यांच्या शरीरावर ठरतात. कॉलेजात किंवा आरोग्य शिबिरात कुणी घड्याळ बांधायला आलं तर आधी नैतिकता समितीची मंजुरी मागा. हा डेटा पुढे कुणाच्या तक्त्याला जोडणार आणि जोडण्याआधी मला पुन्हा विचारणार का, हे लेखी घ्या. नंतर नाव मागे घेता येतं का, तेही. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठी किंवा उर्दू मागा. घरातल्या बायकांच्या वतीने आपण सही करायची नाही, त्यांना वाचून दाखवा, ठरवतील त्या.

आणि आपल्यातली जी पोरं-पोरी कोडिंग शिकतायत त्यांच्यासाठी एक काम पडून आहे. भारतातल्या गेल्या दहा वर्षांच्या रमजानच्या तारखा, चंद्रदर्शनाप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे, कुणालाही फुकट वापरता येतील अशा फाइलमध्ये मांडायच्या. केरळचा चाँद बऱ्याचदा एक दिवस आधी दिसतो, त्याचा रकाना वेगळा ठेवा.