शांत वस्ती, शाळा जवळ



आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू परवा संध्याकाळी खाली आल्या त्या हातात मोबाईल धरूनच. "वाच गं जरा," म्हणाल्या. जाहिरात होती. अल जद्दाफमध्ये फ्लॅट विकणे आहे, मालकी हक्काने; शांत, कुटुंबांना योग्य अशी वस्ती. मी म्हटलं, "काकू, हे वर्णन तर आपल्या ऊद मेथाचंच झालं की!"

त्यावर काकू हसल्या नाहीत. त्यांच्या (म्हणजे आमच्याही) इमारतीला नोटीस लागली आहे. जुनी इमारत पाडून मालकाला नवी बांधायची आहे. कायद्यानं बारा महिन्यांची लेखी नोटीस नोटरीमार्फत नाहीतर रजिस्टर्ड पोस्टानं द्यावी लागते, ती रीतसर आली. त्यातले सात महिने "बघू, करू" यात गेले. आपला मराठी स्वभाव! काका-काकूंचं बिऱ्हाड इथे २६ वर्षं. मुलगी चालत इंडियन हायस्कूलला जायची, मैत्रिणींबरोबर अल नस्र लेझरलँडच्या बर्फावर आपटून गुडघे फोडून यायची. २०१७ च्या आगीनंतर बंद पडलेल्या लॅम्सी प्लाझात लंडनचा टॉवर ब्रिज होता, त्याखाली काढलेला तिचा फोटो अजून फ्रीजवर आहे.

तर मग ऊद मेथातच घर का घेत नाहीत? अहो, आपण घेणार कुठून! इथल्या बहुतेक जुन्या इमारती एकेका मालकाच्या; त्यातला एकच फ्लॅट सुटा विकत मिळत नाही. आणि दुबईत परदेशी माणसाला पूर्ण मालकीनं घर घेता येतं ते २००६ च्या कायद्यानं ठरवून दिलेल्या भागांतच. २००२ पूर्वी तर तेही नव्हतं. जद्दाफ त्यातलं, म्हणून काकूंची नजर तिकडे. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या आणखी ३२९ भूखंडांना मालकी हक्कात बदलून घेण्याची मुभा मिळाली.

रविवारी आम्ही सगळे पाहायला गेलो. घर छान, उजेड भरपूर. काकांनी कागद काढला. समजा किंमत १२ लाख दिरहम. बँक ८० टक्के देते, म्हणजे २ लाख ४० हजार खिशातले. जमीन खात्याची ४ टक्के फी ४८ हजार. एजंटाचे साधारण २ टक्के, म्हणजे २४ हजार. झाले ३ लाख १२ हजार, चावी हातात यायच्या आधी! फी आणि दलाली पूर्वी काही बँका कर्जात धरायच्या, २०२५ पासून तेही बंद. सर्व्हिस चार्ज दरवर्षी, चौरस फुटावर, घरात राहा नाहीतर कुलूप लावा. काका ५८ वर्षांचे. नोकरदाराला कर्ज बहुधा ६५ च्या आत फेडावं लागतं, म्हणजे सात वर्षांत सगळं. नोकरी सुटली की व्हिसाही सुटणार. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळायला घर २० लाखांचं हवं. घर आपलं आणि राहायची परवानगी नाही, असंही होऊ शकतं, हे पुण्यातल्या नातेवाईकांना पटवून द्यायला काकांना फोनवर अर्धा तास लागला.

काकूंचा प्रश्न वेगळाच. "नाव कोणाचं लागणार?" एजंट म्हणाला, साहेबांचं. "मग मी येत नाही," काकू म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. मला ते फार आवडलं. बायकांनो, घर दोघांच्या नावावर घ्या, आणि मृत्युपत्र इथेच नोंदवा. १ फेब्रुवारी २०२३ पासून बिगर-मुस्लिमांसाठी जो कायदा लागू आहे, त्यात मृत्युपत्र नसल्यास अर्धा वाटा पती किंवा पत्नीला आणि उरलेला मुलांना सारखा. तरी आपलं आपण लिहून ठेवलेलं बरं.

परत येताना गाडीत कोणीच बोलेना. शेवटी काकू म्हणाल्या, "शांत आहे खरं. पण संध्याकाळी पाच वाजता लिफ्टमध्ये एकही पोर भेटलं नाही." त्यावर काका म्हणाले, सुट्टीचा दिवस होता, कुठे फिरायला गेली असतील. म्हणून बुधवारी पुन्हा पाचलाच जाऊन बघायचं ठरलंय.

भाड्याच्या घराचा पर्याय त्यांनी सोडलेला नाही. माझं मत विचाराल तर ५८ व्या वर्षी एवढं कर्ज नको. तेच पैसे हाताशी असू देत. तेव्हा मंडळी, ऊद मेथात कोणाच्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट रिकामा होत असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला गाठा. चार चेकवर देणारा मालक असेल तर उत्तम. काकूंकडे पाच महिने आहेत, आणि आमच्याकडेही तेवढेच!