कोलॅजनची पट्टी आणि रुग्णाची संमती

भाजलेल्या जखमेची पट्टी रोज सोडवताना रुग्ण कसा कळवळतो हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला कोलॅजनच्या पातळ पडद्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. मद्यार्कमिश्रित पाण्यात जपून ठेवलेला हा पडदा मिठाच्या निर्जंतुक पाण्यात धुऊन, सुरकुती न पडू देता स्वच्छ जखमेवर पसरला, की वाळता वाळता तो तिलाच चिकटतो. आणि भाजणे वरवरचे असून जखम चिघळली नाही, तर खाली नवी त्वचा येताच कडेकडेने आपोआप सुटून येतो. खोल भाजलेल्यास मात्र त्वचारोपणावाचून गत्यंतर नसते.

मानवी शरीरातील प्रथिनांचा सुमारे तिसरा हिस्सा ज्या कोलॅजनचा, त्याची दोराप्रमाणे पिळलेली तीन पदरी रचना १९५४-५५ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. त्यासाठी लागलेली कांगारूच्या शेपटीतील कंडरा त्यांना त्याच शहरातील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाली होती. ही रचना एका प्राण्यापासून दुसऱ्यात फारशी बदलत नाही, म्हणूनच टोकांचे, शरीराला परके वाटणारे अंश पेप्सिनने छाटले, की जनावराचे कोलॅजन माणसाच्या जखमेत बहुधा तक्रारीवाचून सामावते.

परंतु कोणत्या जनावराचे? गाय, म्हैस, डुक्कर, मासा यांपैकी कोणाचेही ते असू शकते, आणि आपल्या इस्पितळांतील छापील संमतिपत्रांत भूल, शस्त्रक्रिया, रक्त यांचा तपशील असतो, तसा या एका बाबीचा सहसा आढळत नाही. असे विचारले तर रुग्ण नकार देतील, जिवावर बेतेल, अशी भीती काही डॉक्टर व्यक्त करतात. तिच्यामागची कळकळ मला मान्य आहे, युक्तिवाद मान्य नाही. वरवरच्या जखमेला पॅराफिनच्या जाळीपासून गर्भवेष्टनाच्या पडद्यापर्यंत इतर इलाज आहेत, आणि दोन वाक्ये बोलण्याइतकी सवड तेथे खचितच असते. प्राण संकटात असता निषिद्धालाही मुभा देणारा आपद्धर्म हिंदूंना ठाऊक आहे आणि मुसलमानांनाही. परंतु आपद्धर्माचा निर्णय ज्याचा धर्म त्यानेच करावयाचा असतो, तो त्याच्या नकळत दुसऱ्याने करणे हा अधिकाराचा अतिक्रम होय. माळकरी आजी किंवा जैन गृहस्थ सारे ऐकून ‘लावा’ म्हणतीलही, पण तो होकार त्यांचा असेल.

म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याने हुकूम काढून संमतिपत्राच्या मराठी मसुद्यात मूळ प्राण्याच्या नावाचा रकाना सक्तीचा करावा, वेष्टनावरही ते नाव ठळक मराठीत छापण्याची तजवीज करावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला परिचारिकेने तो मजकूर सहीपूर्वी, नातेवाइकांसमक्ष, मोठ्याने वाचून दाखवावा.