पंचनाम्यात नवरा-बायकोचा रकाना नाही

30 सप्टेंबर आला की आपण किल्लारीच्या स्मृतिस्तंभाला फुलं वाहतो, फोटो टाकतो आणि दुपारपर्यंत मोकळे होतो. यंदा मला दुसरंच बोलायचंय. पटलं नाही तर खुशाल भांडा.

1993 साली मी शाळेत होतो. गणपती विसर्जन करून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. सरकारी आकडा 7,928. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, घरं झाली. आजच्या पोरांना माहीत नसलेली एक गोष्टही झाली. ज्या बायांची लेकरं गेली आणि कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, त्यांच्या नळ्या पुन्हा जोडायची सोय सरकारनं केली. काहींना परत लेकरं झालीही.

चांगलंच केलं. पण गेलेल्या लेकराबद्दल ते दोघं एकमेकांशी काय बोलतात, हे कोणी विचारलं? डॉक्टर आले, संस्था आल्या, शिबिरं झाली, नाही म्हणत नाही. शिबिर उठल्यावर घरात दोघंच उरतात.

बातमीसाठी फिरताना एका पुनर्वसित गावात एक बाई भेटली. म्हणाली, "मालकांनी आधी मला ओढलं, लेकराला नाही. तवापासून ते माझ्याकडं सरळ बघत नाहीत." नवरा चौकात भेटला. म्हणाला, "तिच्यासमोर नाव काढलं की ती रडती, म्हणून मी गप राहतो." ती त्याच्या गप्प राहण्याला राग समजते. तीस वर्षं एका छताखाली हे चाललंय! आघाताचं असंच असतं. एकाला बोलल्याशिवाय राहवत नाही, दुसरा त्या आठवणीपासून पळतो, रात्री दचकून उठतो, दिवसा खेकसतो. मग गाव म्हणतं, बाईचं डोकं फिरलंय, गडी दारूला लागलाय. तिला झोपेची गोळी आणि त्याला व्यसनमुक्तीचा पत्ता. दोघांना एकत्र बसवायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

किल्लारी जुनी झाली म्हणता? मग आमच्या नांदेडला या. 2023 च्या त्याच 30 सप्टेंबरपासून विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं. आम्ही पत्रकारांनी औषधसाठा विचारला, पदं किती रिकामी ते विचारलं, खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला तो व्हिडिओ दिवसभर चालवला. ती आई-बापं गावाकडं गेली, ती कशी जगताहेत याची बातमी मीही केली नाही. माझीच चूक. नातेवाइकांनी काय सांगितलं असेल ते आपल्याला पाठ आहे: "रडू नको, दुसरं होईल." बापाला तर रडायचीही मुभा नाही.

मागणी फार मोठी नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर आहेच. बाळ दगावलं, पुरात किंवा अपघातात माणूस गेलं, की त्याच्या समुपदेशकानं महिन्याभरात घरी जावं आणि नवरा-बायको दोघांना समोर बसवावं. सासूला चहा करायला पाठवा हवं तर. वर्षानं पुन्हा जावं. टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर प्रसूती वॉर्डाच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. बाप बाहेरच्या बाकड्यावर बसलेला असतो, त्याला दिसेल असा.

सोमवारी हे लेखी जिल्हा शल्यचिकित्सकांना देतोय. पोच मिळाली की इथंच टाकतो.