गावाला समुपदेशकही हवा



भातावर करपा दिसला की तुम्ही पाने उपटून थेट आमच्यापर्यंत आणता. गाईने वैरण सोडली तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला सांगावा जातो. पण घरातला कर्ता माणूस महिनाभर ताटावरून अर्धपोटी उठतो, रात्रभर कूस बदलत राहतो, खाचराकडे फिरकत नाही, तेव्हा बोलवायचे कोणाला, याचे उत्तर आपल्या गावात नाही. "टेन्शन घेतलंय त्यानं" एवढे म्हणून विषय संपतो. कोणी डॉक्टरचे नाव काढलेच तर दुसरा लगेच म्हणतो, "म्हंजे काय, ठाण्याला पाठवायचा काय त्याला?" ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे. सव्वाशे वर्षांत आपण त्या गावाचे नाव थट्टेला लावले आणि त्या थट्टेपायी किती माणसे उपचाराविना राहिली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मनोरुग्णालय आणि "टेन्शन" यांच्या मधे बरीच मोठी जागा आहे. त्या जागेत बसणारा उपाय म्हणजे थोड्या बैठकांचे समुपदेशन. समोरासमोर बसून, ठरवून, पाच-सात वेळा केलेले बोलणे. हे काम दहावी-बारावी शिकलेला गावातलाच माणूस, नीट शिकवला तर, करू शकतो. ही आमच्या मनची गोष्ट नव्हे, शेजारच्या गोव्यात हे करून पाहिलेले आहे.

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था काढली. या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोठी चाचणी घेतली. औदासीन्याचा तीव्र आजार असलेले 495 लोक त्यात होते. निम्म्यांना नेहमीचा औषधोपचार दिला. उरलेल्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ बैठका. बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, आठवड्याला एक. बैठका घेणारे ना डॉक्टर ना मानसशास्त्राचे पदवीधर. तीन महिन्यांनी पाहिले तर बैठका मिळालेल्यांपैकी शेकडा 64 जण आजारातून बाहेर आलेले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारात शेकडा 39. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नामांकित साप्ताहिकात 2017 साली छापून आले. आम्ही शिवारात प्रात्यक्षिकाचा एक प्लॉट आणि शेजारी साधा प्लॉट लावतो, तशीच ही पद्धत. फरक डोळ्यांना दिसतो.

आता बैठकीत करायचे काय? इथेच बहुतेकांची चूक होते. आपल्याकडे दुःखी माणूस दिसला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. "मन घट्ट कर", "अरे, तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले", "देवाचं नाव घे". सांगणाऱ्याचे मन हलके होते, ऐकणारा आणखी गप्प होतो.

कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या सल्लेबाजीला पहिला मोठा बांध घातला. हा मनुष्य, म्हणाल तर, आमच्याच खात्यातला! 1902 चा जन्म, बाराव्या वर्षापासून शेतावर वाढला, पोरवयात जनावरांच्या खुराकावरचे जाड पुस्तक वाचून प्रयोग कसे करतात ते शिकला, आणि 1919 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला तो शेती शिकायलाच. पुढे वाट बदलली. समोर आलेल्याला 'रुग्ण' म्हणायचे त्याने सोडले, वकिलाकडे जातो तो जसा अशील, तसा शब्द वापरला, आणि अशिलाला केंद्रस्थानी ठेवणारी पद्धत मांडली. त्याचे म्हणणे असे : समोरच्याला तोलू नका, त्याच्या जागी उभे राहून त्याचे म्हणणे समजून घ्या, आणि स्वतः खोटे वागू नका. कोंभ फुटण्याची शक्ती बियाण्यात असते, आपण ओलावा आणि ऊब द्यायची, एवढेच. बियाण्याची उपमा आमची आहे, पण अर्थ तोच.

हे ऐकायला सोपे आहे. करायला बसलात की कळते. समोरचा म्हणाला, "काय करू, काही सुचत नाही", की जिभेवर सल्ला येतोच. तो गिळायचा आणि म्हणायचे, "सगळ्या बाजूंनी कोंडी झाल्यासारखं वाटतंय का?" मग थांबायचे. ते थांबणे शिकावे लागते.

पण नुसते ऐकत बसलो तर सहा बैठका अशाच निघून जातील. म्हणून थोड्या बैठकांच्या पद्धतीत पहिल्याच दिवशी विचारतात, "या बोलण्यातून तुम्हाला काय व्हायला हवं?" ध्येय अशिलाचे, समुपदेशकाचे नव्हे. त्याला रात्री चार तास सलग झोप हवी असेल तर तेच ध्येय. "कर्ज फेडा, दारू सोडा" ही यादी आपण लावायची नाही.

स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या जोडप्याने 1978 साली त्याच विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात एक केंद्र काढले. तिथला एक प्रश्न आपल्याला चटकन कळेल. शून्य ते दहा अशी पट्टी मांडून ते विचारत, आज तुम्ही कुठे आहात? आपण त्याला मनाची पैसेवारी म्हणू. पिकाची पैसेवारी सरकार काढते आणि तीवरून गावात भांडणे होतात. ही पैसेवारी मात्र ज्याचे शेत त्यानेच सांगायची. समजा तो म्हणाला, "वीस पैसे". आपण म्हणू, "फारच कमी." शिकलेला समुपदेशक विचारतो, "दहा का नाही? हे वीस कशामुळे टिकलेत?" तेव्हा तो सांगतो, "धाकटी शाळेत जाते ना, तिला सोडायला सकाळी उठतो." धरायचा धागा हाच. "पंचवीस झाले तर काय वेगळं दिसेल?" असे विचारले की पुढच्या आठवड्याचे काम त्याच्याच तोंडून निघते.

गोव्याच्या बैठकांचा भर अशाच लहान कामांवर होता. माणूस खचला की कामे सोडतो, कामे सोडली की आणखी खचतो. मन उभारी घेईल तेव्हा शेतावर जाईन, असे तो म्हणत बसतो. समुपदेशक त्याच्याबरोबर उलटे ठरवतो : मंगळवारी सकाळी बांधापर्यंत जायचे, गुरुवारी मित्राकडे चहाला. लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी काय जमले ते पाहायचे. जमले नाही तर रागवायचे नाही, आडवे काय आले ते शोधायचे.

प्रशिक्षणाबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण सरकारी प्रशिक्षण म्हटले की सतरंजी, चहा-बिस्किटे आणि सह्यांचा कागद हेच डोळ्यांपुढे येते. गोव्यातल्या समुपदेशकांना तीन आठवडे वर्गात शिकवले आणि नंतर सहा महिने प्रत्यक्ष काम देखरेखीखाली करायला लावले. पुढेही ते गटाने बसत, परवानगीने ध्वनिमुद्रित केलेली बैठक ऐकत आणि एकमेकांना गुण देत. जुन्या मंडळींना 1980 च्या दशकातली 'प्रशिक्षण व भेट' योजना आठवत असेल. ठरल्या वारी भेट आणि ठरल्या वारी उजळणी, हेच तिचे बळ होते. एका दिवसाच्या शिबिराने समुपदेशक तयार होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

महाराष्ट्रातही हे रुजले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. औदासीन्य असलेल्यांपैकी आधी शेकडा चार जण मदत घेत होते, दीड वर्षात ते प्रमाण शेकडा 27 वर गेले. 'आत्मीयता'ने गावातलेच स्त्री-पुरुष तयार केले. शासनाचा 'प्रेरणा प्रकल्प' 2015 पासून आहे, पण तो 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी, सगळे विदर्भ-मराठवाड्यातले.

आमची तक्रार इथे आहे. अंबरनाथ-बदलापूरकडे लोक शहर म्हणूनच पाहतात. पण नेवाळीच्या शेतकऱ्याची जमीन दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी गेली, तिचा कढ 2017 च्या जूनमध्ये रस्त्यावर आला. जुलै 2019 च्या पुरात वांगणीजवळ अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सगळ्या देशाने पाहिली. त्याच पाण्याखालची भातखाचरे कोणी पाहिली? इथल्या माणसाला जमीन गेल्याचाही घोर लागतो आणि जमिनीचे पैसे आल्यावर घरात उभ्या राहिलेल्या भांडणाचाही. तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आशाताई, कृषी कर्मचारी आणि तलाठी-ग्रामसेवक (पदांची नावे बदलली तरी लोक याच नावांनी ओळखतात) यांतून इच्छुक निवडून त्यांना असे पुरे प्रशिक्षण द्यावे. शिकवणारे लांब शोधायला नकोत. डॉ. आनंद नाडकर्णी यांची 1990 पासून चालणारी मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच आहे.

मर्यादाही सांगतो. कानात आवाज ऐकू येणारा, भ्रमात वावरणारा, दारूने हात थरथरणारा, यांना बैठकीत अडकवू नका, डॉक्टरकडे न्या. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली तर सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे त्या घरातून हलवा. एरवीही ती कुलपातच हवीत, हे आम्ही फवारणीच्या हंगामात सांगतोच. प्रयत्न करून वाचलेल्याला केसच्या भीतीने कोणी लपवू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तो माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते, वेगळे सिद्ध झाल्याखेरीज शिक्षा नाही. पोलीस पाटलांनी हे गावात सांगावे.

आणि समुपदेशक मिळेपर्यंत 'टेलिमानस'चा दूरध्वनी आहे : 14416. ऑक्टोबर 2022 पासूनची केंद्र सरकारची ही सेवा दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, आणि कृषी सेवा केंद्रवाल्यांनी औषधांच्या कपाटावरही.