तिथे लागलंय, तर आजच दाखवा

‘सूज आहे, उतरेल. चारचौघांत दाखवायची ती जागा नव्हे. बर्फ लाव, हळदीचा लेप दे, आठवडाभर थांब.’ उल्हासनगरच्या कॅम्पांत असो, अंबरनाथच्या चाळीत असो की बदलापूरच्या नव्या सोसायटीत, लिंगाला मार लागलेल्या पुरुषाला मित्र हाच सल्ला देतात. मित्रांना सांगायचं धाडस नसेल, तर तो स्वतःच स्वतःची अशी समजूत घालतो. हा सल्ला घातक आहे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून खोडायला हवा.

पहिला आक्षेप शरीररचनेचा: तिथे हाडच नाही, मग मोडणार काय? हाड नाही हे खरं आहे. पण आत रक्ताने भरणाऱ्या दोन नळ्या आहेत आणि त्यांच्याभोवती एक चिवट आवरण आहे. एरवी सुमारे दोन मिलिमीटर जाड असलेलं हे आवरण ताठर अवस्थेत ताणून अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ होतं. अशा वेळी संभोगात जोराचा दाब चुकीच्या दिशेने आला किंवा झोपेत अंग त्यावर पडलं, तर ते फाटतं. ‘कट्’ असा आवाज येतो, ताठरता क्षणात जाते, कळ येते, आणि थोड्याच वेळात तो भाग सुजून वांग्याच्या रंगाचा होतो. डॉक्टर याला फ्रॅक्चरच म्हणतात. लघवीच्या छिद्रातून रक्त आलं किंवा लघवी अडकली, तर मूत्रमार्गही फाटल्याची शंका घ्यावी लागते.

यावर ठेवणीतलं उत्तर येतं: ‘अमक्याचं ऑपरेशनाशिवाय बरं झालं.’ झालं असेल. एके काळी डॉक्टरही बर्फ, पट्टी आणि गोळ्यांवरच अशा रुग्णांना ठेवत. पण त्यांतल्या अनेकांचं लिंग पुढे वाकडं राहिलं, काहींची ताठरता गेली, काहींना संबंधाच्या वेळी दुखत राहिलं. त्या अनुभवातूनच आज लवकर शस्त्रक्रिया करून फाटलेलं आवरण शिवतात, शक्यतो चोवीस तासांच्या आत. ‘चाकू लागला की पुरुषत्व जातं’ ही भीती नेमकी उलटी आहे. वेळेवर शिवलेल्यांपैकी बहुतेकांचं कामजीवन पूर्ववत होतं. धोका घरी बसण्यात आहे. आणि दोन दिवस वाया गेले असतील, तरी तिसऱ्या दिवशी जाणं न जाण्यापेक्षा कितीतरी बरं.

प्रत्येक ओरखड्यासाठी धावाधाव करा, असं मी म्हणत नाही. कातडीला किरकोळ खरचटलं असेल, सूज नसेल, लघवी साफ होत असेल, तर स्वच्छ पाण्याने धुऊन काही दिवस जपलं की पुरतं. पुढच्या कातडीखालचा धागा फाटून रक्त आलं, तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरावं. एवढ्यानेही थांबलं नाही, तर मात्र दवाखाना गाठावा.

आपल्या पट्ट्यात कारखान्यांमुळे हा प्रश्न अधिक गंभीर होतो, तरी त्यावर कोणी बोलत नाही. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनं हाताळणाऱ्या कामगाराच्या पँटवर आम्ल किंवा कॉस्टिक सांडलं, तर कपडे तिथल्या तिथे उतरवून निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली उभं राहायचं असतं. सगळ्यांसमोर पँट कशी काढू, या संकोचात गेलेली पाच मिनिटं जखम खोल करतात. आम्लावर सोडा वगैरे काहीही टाकू नये. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात लुंगी किंवा सैल कपडा अडकून कातडी सोलवटली, तर ती ओल्या स्वच्छ कापडात झाकून थेट रुग्णालयात जावं. पाइपवर किंवा सायकलच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय पडून आदळलेल्या माणसाला वरून काही दिसत नसलं, तरी छिद्राशी रक्त दिसल्यास किंवा लघवी होत नसल्यास कुंथू नये. अशा वेळी तपासणीआधी जोर लावून लघवीची नळी घालू देऊ नये. आधी औषध सोडून मूत्रमार्गाचा एक्स-रे काढतात. ही दुखापत दुर्लक्षित राहिली, तर मूत्रमार्ग पुढे आकसतो आणि लघवीचा त्रास वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही.

उल्हासनगर जीन्सचं गाव. चेनमध्ये लहान मुलाची कातडी अडकली की घरचे घाबरून चेन ओढतात, आणि कातडी आणखी फाटते. इथल्या कारागिरांना ठाऊक आहे की रनरचा मधला पूल कापला की चेनच्या दोन्ही बाजू सुटतात. डॉक्टरही तेच करतात, मूल शांत झाल्यावर, भूल देऊन. घरी फक्त आजूबाजूचं कापड कापून मुलाला तसंच न्यावं.

मागे ओढलेली पुढची कातडी पुन्हा पुढे येत नसेल, बोंडाला सूज चढत असेल, तर तासांचा हिशेब सुरू होतो. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना नळी घातल्यावर कातडी पुढे आणायची राहून जाते, तेव्हाही हेच घडतं. ताठरता चार तासांहून जास्त टिकली, मग ती गोळीने आली असो की गोळी न घेता, तीही तातडीचीच बाब.

‘पोलिस केस होईल’ हा आणखी एक अडसर. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं की जीव वाचवण्याचा उपचार आधी, कागदपत्रं नंतर. नवरा-बायकोच्या संबंधात अपघाताने झालेली इजा हा गुन्हा नव्हे. डॉक्टरला ती कशी झाली हे खरं सांगावं, कारण ‘बाथरूममध्ये घसरलो’ म्हटल्याने निदान चुकू शकतं.

‘आपल्याकडे तज्ज्ञ कुठे?’ असंही म्हणतात. पण पहिली तपासणी आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी जवळच मिळू शकते: उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय. 2024 पासून अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिथून कळव्याला किंवा सायनला पाठवलं, तर जावं. रात्री-अपरात्री 108 ला फोन करावा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत काही खाऊ-पिऊ नये. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या नंबरांवर एक तासही घालवू नये.

राहिली लाज. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, खटले सोसले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. शरीराबद्दल मराठीत मोकळं बोलायला त्यांनी एवढी किंमत मोजली, आणि आज आपण केसपेपरच्या खिडकीवर अडखळतो. दोष एकट्या रुग्णाचा नाही. रांगेतल्या पन्नास माणसांसमोर ‘काय झालंय?’ असं मोठ्याने विचारणं रुग्णालयांनी बंद करायला हवं, आणि तपासणीच्या पलंगाला पडदा हवाच. तोवर खिडकीवर एवढंच म्हणावं: ‘लघवीच्या जागी मार लागलाय, सर्जनना दाखवायचंय.’ बाकीचं आत, दार लावून सांगता येतं.