दुपारी बारानंतरचं फूल

गॅलरीच्या ग्रिलला किंवा गच्चीच्या कठड्याला एकच वेल चढेल एवढी जागा असते, आणि पाऊस स्थिरावला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच : कृष्णकमळ लावू की पॅशनफ्रूट? विचारणाऱ्याने मनात वाटणी आधीच केलेली असते. कृष्णकमळ शोभेचं, पॅशनफ्रूट उपयोगाचं. आजीला देवासाठी फूल हवं, नातवंडांना सरबत. मला ही वाटणी मान्य नाही. पॅशनफ्रूटच्या फुलाकडे एकदा नीट पाहिलेला माणूस त्याला नुसतं उपयोगाचं म्हणूच शकत नाही.

दोघं सख्खे भाऊबंद आहेत. ‘पॅसिफ्लोरा’ या एकाच प्रजातीत दोघांची गणना होते. या प्रजातीत पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अमेरिका खंडातल्या. म्हणजे आपण ज्याला कृष्णाचं नाव देऊन देव्हाऱ्यात नेलं, तेही समुद्रापलीकडून आलेलं फूल आहे. पण आपल्या लोकांनी ते किती मायेने आपलंसं केलं! बाहेरची जांभळी झालर म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरची तीन टोकं म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश. मधल्या हिरव्या गोळ्याला कुणी द्रौपदी म्हणतं, कुणी श्रीकृष्ण. तिकडे दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी त्याच फुलात ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या यातना पाहिल्या. झालरीत काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा, तीन टोकांत तीन खिळे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये जाकोमो बोसिओ याने या फुलाचं वर्णन छापलं आणि युरोपभर ते पवित्र ठरलं. दोन दूरच्या समाजांनी एकाच फुलात आपापली सर्वांत मोठी कथा वाचावी, असं भाग्य फार थोड्या फुलांना लाभलं असेल.

ही मोजणी पॅशनफ्रूटच्या फुलावरही करता येते. झालर तीच, पाच-तीनचा हिशोब तोच, फक्त रंग वेगळा : पांढरी झालर आणि मुळाशी गडद जांभळं वलय. रंगात कृष्णकमळ नक्कीच सरस. त्या जांभळ्या-निळ्याला तोड नाही. खरा फरक पुढे पडतो, तो मधल्या हिरव्या गोळ्यात. तो गोळा म्हणजे अंडाशय. दोन्ही फुलं एका दिवसाची. आपल्याकडे कृष्णकमळ बहुधा छाट लावूनच वाढवतात, त्यामुळे एका आळीतले सगळे वेल मुळात एकाच वेलाचे तुकडे असतात, आणि फळ धरलंच तर क्वचित. संध्याकाळी फूल मिटतं आणि गोळा देठासकट गळतो. पॅशनफ्रूटमध्ये मात्र, सगळं जुळून आलं तर, तोच गोळा चार दिवसांत सुपारीएवढा दिसू लागतो आणि दोन-अडीच महिन्यांत पिकतो.

‘सगळं जुळून आलं तर’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. कारण “वेल फुलांनी लगडलाय, फळ एक नाही” ही तक्रार मी पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवरून सतत ऐकते. लोक खत बदलतात, फवारणी करतात, शेवटी वेल उपटतात. वेलाचा काही दोष नसतो.

पहिली गोष्ट प्रकाराची. आपल्या उष्ण हवेत चालतो तो पिवळ्या फळाचा प्रकार. जांभळ्या फळाचा थंड डोंगराळ भागात रमतो. कोडगू, निलगिरी, ईशान्येत मणिपूर-नागालँड ही त्याची ठिकाणं. कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्राने दोन्हींचा संकर करून ‘कावेरी’ हे वाण काढलं. जांभळ्याला स्वतःचाच पराग चालतो. पिवळ्याला चालत नाही. त्याला दुसऱ्या, वेगळ्या वेलाचा पराग लागतो, आणि ‘वेगळा’ म्हणजे बियांपासून वेगळा वाढलेला. एकाच वेलाच्या दोन छाटा शेजारी लावल्या तर तो एकच वेल दोन कुंड्यांत राहतो. रोपवाटिकेतून एक रोप आणून वर्षभर वाट पाहणाऱ्यांची निराशा इथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट वेळेची. पिवळ्याचं फूल दुपारी बाराच्या सुमाराला उमलतं आणि रात्री मिटतं. उमलताना तिन्ही कुक्षी, म्हणजे वरची ती तीन टोकं, ताठ वर असतात. मग तासाभरात त्या हळूहळू खाली वाकतात आणि पुंकेसरांच्या पातळीला येतात. ही हालचाल डोळ्यांनी पाहता येते, आणि ज्याने पाहिली नाही त्याने एखाद्या सुट्टीच्या दुपारी खुर्ची टाकून जरूर पाहावी. वाकण्याचं कारण भुंगा. तोच काळा, निळसर पंखांचा, घरघर करत येणारा मोठा भुंगा, जो लाकडी वाशाला भोक पाडतो म्हणून आपण झाडूने हाकलतो. मधासाठी तो फुलाच्या तळाशी डोकं घालतो, तेव्हा त्याची पाठ वरच्या पुंकेसरांना घासते. पुढच्या फुलात तीच परागाने माखलेली पाठ वाकलेल्या कुक्षीला लागते. मधमाशी इथे फार कामाची नाही. ती लहान पडते, कुक्षीला न शिवता पराग गोळा करून निघून जाते.

शहरात भुंगा कमी झाला, कारण वाळकं लाकूड आणि सुके बांबू आपण शिल्लक ठेवले नाहीत. गच्चीच्या कोपऱ्यात, पावसापासून आडोशाला, जाडसर सुक्या बांबूचे दोन-चार तुकडे आडवे बांधून ठेवा. भुंगे तिथे घर करतात. ते जमेपर्यंत माणसाचं बोटही चालतं. ब्राझीलमध्ये, जिथे जगात सर्वांत जास्त पॅशनफ्रूट पिकतं, तिथे शेतमजूर दुपारभर बोटांनी हे काम करतात. एका वेलाच्या फुलातला पिवळा पराग बोटावर घ्यायचा आणि दुसऱ्या वेलाच्या फुलाच्या तिन्ही कुक्षींवर भरपूर लावायचा. कंजुषी करायची नाही, कारण फळातली प्रत्येक बी एका परागकणाने धरते आणि रसाची पिशवी त्या बीभोवतीच असते. पराग कमी पडला तर बाहेरून टपोरं दिसणारं फळ आतून पोकळ निघतं. पावसाची झड असेल तर मात्र हात जोडायचे : पाणी लागलं की परागकण फुटतात.

म्हणून माझा सल्ला घरात दुपारी कोण असतं यावर ठरतो. सकाळी साडेआठला कुलूप लागून रात्री उघडणाऱ्या घरासाठी कृष्णकमळ बरं. ते सकाळी उमलतं, पूजेच्या वेळी हाताशी असतं, मोठ्या कुंडीत भागतं, आणि तुमच्याकडून ऊन-पाण्यापलीकडे काही मागत नाही. ज्या घरात निवृत्त आजी-आजोबा आहेत, शाळेतून दुपारी परतणारी मुलं आहेत, तिथे मी निःसंकोच पॅशनफ्रूट सांगते. फूल तर मिळतंच, शिवाय त्या फुलाचं पुढे काय होतं हे मुलाला स्वतःच्या बोटाने कळतं. पुस्तकातल्या परागीभवनाच्या आकृतीला जे जमत नाही, ते एका दुपारी होतं.

फळवेल म्हटल्यावर काहींना द्राक्ष आठवतं. गच्चीवर त्याच्या नादी लागू नये. नाशिकचा बागायतदार एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी सांभाळून, डावण्या आणि भुरी या रोगांशी झुंजत जे पिकवतो, ते हौसेचं काम नाही. पॅशनफ्रूट त्या मानाने साधं. फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून बहर संपला की जुन्या फांद्या छाटायच्या. पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर मुळं कुजतात. ड्रम मोठा घ्यायचा आणि तारेचा मांडव भक्कम बांधायचा. चार-पाच वर्षांत वेल थकतो, तोवर नवा तयार ठेवायचा.

पानांवर तांबूस काटेरी सुरवंट दिसले तर लगेच औषध मारू नका. दोन्ही वेलांवर वाढणारं ते टॉनी कोस्टर हे नारिंगी फुलपाखरू आहे. चार पानं त्याला गेली तर वेलाचं काही बिघडत नाही.

पिकलेलं फळ आपोआप खाली पडतं. कच्चं तोडून खायचं नाही. पडलेलं फळही साल थोडी सुरकुतेपर्यंत टोपलीत ठेवलं तर आंबटपणा मवाळ होतो. एका फळातून दोन-तीन चमचे गर निघतो. साखर, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि गार पाणी घातलं की कोकम सरबताच्या पंगतीला बसेल असं पेय होतं.

फळातल्या थोड्या बिया गाळणीत चोळून धुवा आणि ताज्या असतानाच पेरा. रोपं वीतभर झाली की दोन स्वतःला ठेवा आणि एक शेजारच्या काकूंना द्या. त्यांच्या वेलाचा पराग तुम्हाला लागेल, तुमचा त्यांना. फुलं दुपारी कधी उमलली ते एकमेकींना कळवत चला.