ओझरला एक गुंठा घेताय? आधी सातबारा पाहा

विघ्नेश्वराचं मंदिर, जवळच येडगाव धरणाचं पाणी. ओझर परिसरात सुट्टीचं घर असावं, असं पुणे-मुंबईकरांना वाटणं साहजिकच. पण जागा शेतजमीन असेल तर?

१९४८च्या कुळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. शेतकऱ्यालाही तुकडेबंदी आडवी येते. २०२३च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० आर, जिरायतीसाठी २० आर आहे. एक आर म्हणजे साधारण एक गुंठा.

मग गुंठाभर जागेसाठी अनेकदा सामाईक खरेदीखत पुढे केलं जातं. त्यात सातबाऱ्यावर नाव लागलं, तरी आपला कोपरा कोणता हे ठरत नाही. पुढे बांधकाम, कर्ज, विक्री सगळंच अडतं.

म्हणून विसार देण्याआधी एनए आदेश आणि मंजूर रेखांकन मागा. रस्ता कागदावर आहे का, हेही तपासा.